मशरूमचं नंतर बघू, आधी दादांचं 2019 साल नीट सांगा

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मधूनच वाचायला घेणाऱ्यालाही कळेल कशावर बोलतोय. विचारणारा कागलकडचा तरुण आहे, मोठा भाऊ फौंड्रीत सुपरवायझर, तीन वर्षं डिप्रेशनमध्ये. आधी एस्सिटालोप्राम 10 दिली होती, ती दीडेक महिना घेतली आणि फरक नाही म्हणून बंद केली, मग सर्ट्रालिन 50 सुरू झाली, ती कधी घेतो कधी नाही. आता एका पॉडकास्टमध्ये ऐकलंय की मॅजिक मशरूमच्या एका डोसनं वर्षानुवर्षांचं डिप्रेशन जातं, आणि बंगळुरूचा मित्र म्हणतोय की कोडाईकॅनालला मिळतात, दादाला घेऊन ये, फक्त आधी पंधरा दिवस त्याच्या गोळ्या बंद कर. तर नेऊ का? आणि मग शेवटी जाता जाता दोन ओळी: दादा पूर्वी असा नव्हता, 2019 ला तर रात्री दोन-तीन तास झोपून कर्ज काढून एकदम तीन धंदे सुरू केले होते, आणि मामा बरीच वर्षं रत्नागिरीला, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, होता.

मी कोल्हापुरात सायकियाट्रिस्ट म्हणून प्रॅक्टिस करतो. तुम्ही लिहिलंय त्यातल्या या शेवटच्या दोन ओळी माझ्या दृष्टीनं मशरूमपेक्षा फार मोठ्या आहेत, त्यावर येतोच. उत्तर आधीच देऊन टाकतो: नेऊ नका, आणि चालू गोळी मनानं बंद करू नका. पण नुसतं 'नको' म्हटलं की मित्र परत पटवणार, त्यामुळं कारणं जरा सविस्तर सांगतो.

मित्र जिथं बरोबर आहे ते आधी मान्य करू. हे काही कालपरवाचं फॅड नाही. सायलोसायबिन हा त्या मशरूममधला मुख्य घटक, तो स्विस केमिस्ट अल्बर्ट हॉफमननं 1958 मध्ये वेगळा काढला, एलएसडीही त्यानंच बनवलेलं. त्या काळात सँडोज कंपनी हे डॉक्टरांना संशोधनासाठी पुरवायची आणि दारूचं व्यसन, नैराश्य यावर बरंच काम चाललं होतं, मग अमली पदार्थांबाबतचा 1970 चा अमेरिकेतला कायदा, 1971 चा युनोचा करार, आणि सगळं जवळजवळ गोठलं ते पुढची तीसेक वर्षं. पुन्हा जोर आला तो 2016 च्या आसपास. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं गोळ्यांना दाद न देणाऱ्या 12 पेशंटना सायलोसायबिन देऊन बघितलं, त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सनं कॅन्सरमुळं खचलेल्या 51 लोकांमध्ये बघितलं, आणि एका मोठ्या डोसनंतर सहा महिन्यांनीही बऱ्याच जणांचं नैराश्य कमीच राहिलेलं दिसलं. आमच्याकडच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात आणि परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळं आमचे कान टवकारले नसते तरच नवल.

हे काम कसं करतं तर सायलोसायबिनचं शरीरात सायलोसिन होतं आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका ठराविक रिसेप्टरवर, 5-एचटी2ए वर, जाऊन बसतं. माणूस रिकामा बसून स्वतःबद्दल विचार करत राहतो तेव्हा मेंदूचे जे भाग एका लयीत चालतात त्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात, ती लय काही तास विस्कटते. डिप्रेशनमधला माणूस तेच तेच घोळवत असतो, माझ्यामुळंच झालं, मी घरावर ओझं आहे, सकाळी तेच संध्याकाळी तेच. त्या चाकोरीतून थोडा वेळ बाहेर पडायला मिळतं, प्राण्यांवरच्या प्रयोगात मेंदूच्या पेशींमध्ये नवे जोड तयार होतानाही दिसलेत, आणि त्या मोकळ्या काळात थेरपिस्टबरोबर काम झालं तर फरक टिकतो, असा साधारण विचार आहे. पॉडकास्टवाले याला ब्रेन रीसेट म्हणतात, ते सोडून द्या, रीसेट वगैरे काही होत नाही, कर्ज तसंच असतं आणि बायको माहेरी गेलेली असली तर ती माहेरीच असते.

आता मर्यादा. या विषयात एक गोष्ट मी सतत बघत आलोय ती म्हणजे अभ्यास जितका मोठा आणि कडक, तितका फायद्याचा आकडा लहान. सुरुवातीचे 12 जणांचे, 24 जणांचे अभ्यास वाचले की वाटतं झालं, डिप्रेशन संपलं. मग 2021 मध्ये इम्पीरियलनंच 59 लोकांमध्ये सायलोसायबिनची तुलना थेट एस्सिटालोप्रामशी केली, हो, तुमच्या दादांना दिलेली तीच गोळी, आणि सहा आठवड्यांनी ज्या मुख्य मोजमापावर निकाल लावायचा ठरलं होतं त्यावर दोघांत ठोस फरक निघाला नाही. बाकीची काही मोजमापं सायलोसायबिनच्या बाजूनं होती, पण मुख्य नाही. 2022 मध्ये कंपास नावाच्या कंपनीचा 233 पेशंटचा अभ्यास आला, त्यात 25 मिलिग्रॅमच्या एका डोसनंतर तीन आठवड्यांनी 37 टक्के लोकांना चांगला फरक होता, नाममात्र 1 मिलिग्रॅम दिलेल्यांत 18 टक्के. चांगलं आहे की! पण बारा आठवड्यांपर्यंत तो फरक टिकवून धरणारे 25 मिलिग्रॅमवाल्यांत 20 टक्केच राहिले. म्हणजे पाचातला एक. आणि 2025 मध्ये त्याच कंपनीच्या पुढच्या टप्प्याचा निकाल आला, सहा आठवड्यांनी प्लसीबोपेक्षा, म्हणजे खोट्या गोळीपेक्षा, 3.6 गुणांचा फायदा, ज्या मोजपट्टीवर एकूण गुण 60 असतात. फायदा आहे, खोटा नाही, पण पॉडकास्टमध्ये जसं ऐकलंत तसा नाही.

असं का होतं याचं एक कारण साधं आहे. नवीन औषध तपासताना अर्ध्या लोकांना खोटी गोळी देतात आणि कुणाला काय मिळालं हे पेशंटलाही माहीत नसतं डॉक्टरलाही नसतं. इथं ते जमतच नाही, कारण भिंती हलायला लागल्या की माणसाला कळतंच आपल्याला खरं मिळालंय, आणि ज्याला काहीच होत नाही तो बिचारा निराश होऊन बसतो, की वर्षभर वाट बघितली आणि मला साखरेचीच गोळी मिळाली. त्यामुळं एका गटाची आशा फुगते आणि दुसऱ्याची फुटते आणि मधला फरक मोठा दिसतो. 2024 मध्ये अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएनं एमडीएमए या नशेच्या औषधाला पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर राहणाऱ्या आजारासाठी, मंजुरी नाकारली तेव्हा जे आक्षेप होते त्यात हाही एक होता. सायलोसायबिनला एफडीएनं 2018 मध्ये ब्रेकथ्रू दर्जा दिला म्हणून बरेच जण नाचवतात, पण तो दर्जा म्हणजे तपासणी लवकर करू असं सांगणं आहे, मंजुरी नव्हे.

(एमडीएमएचा विषय निघालाच आहे तर: आपल्याकडं पोरं जे 'एमडी' म्हणून घेतात ते हे नाही. ते मेफेड्रोन, दुसरंच एक रसायन, वेगळीच भानगड, त्याचा डिप्रेशनच्या उपचाराशी काडीचा संबंध नाही, उलट त्यानं डिप्रेशनमध्ये गेलेले पेशंट आमच्याकडं येतात.)

आता मित्राचा खरा गैरसमज. या अभ्यासांमध्ये लोकांना मशरूम खायला दिलं नव्हतं. मोजून 25 मिलिग्रॅम शुद्ध औषध, त्याआधी थेरपिस्टबरोबर तयारीच्या बैठका, डोसच्या दिवशी सहा ते आठ तास शेजारी प्रशिक्षित माणूस बसलेला, बहुतेक ठिकाणी दोन, बीपी बघितलं जातंय, गरज पडली तर शांत करायचं औषध तयार, आणि नंतर परत बैठका की तुला काय दिसलं आणि त्याचं आयुष्यात काय करायचं. आणि या सगळ्याच्या आधी चाळणी, ज्यात बहुतेक इच्छुक गळतात. यातलं सगळं काढून टाकून नुसतं मशरूम घेणं म्हणजे भूलवाला डॉक्टर, नर्स, टाके सगळं वगळून ऑपरेशनचं फक्त ब्लेड विकत आणणं. ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2023 पासून सायलोसायबिन द्यायला परवानगी दिलीय, पण तिथंही खास अधिकृत केलेल्या सायकियाट्रिस्टनाच, आणि आधीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठीच. आपल्या देशात लाख लोकांमागे एक सायकियाट्रिस्टसुद्धा पुरा नाही, 0.75 आहे, एका पेशंटसाठी दोन थेरपिस्ट दिवसभर बसवायचे कुठून हा प्रश्न कायदा बदलला तरी राहणारच आहे.

आणि कायदा सध्या तरी स्पष्ट आहे, सायलोसायबिन आणि एलएसडी दोन्ही एनडीपीएस 1985, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. एलएसडीच्या बाबतीत तर 0.1 ग्रॅम म्हणजेच व्यावसायिक प्रमाण धरतात आणि त्याला किमान दहा वर्षं आहेत. आधीच डिप्रेशनमध्ये असलेला माणूस बसस्टँडवर पकडला गेला तर काय होईल याचा विचार करा. शिवाय जे मिळतं ते तेच असतं याची खात्री कोण देणार? एलएसडीचा पेपर म्हणून जे विकतात त्यात एनबीओएम नावाची रसायनं निघालेली आहेत जगभर, आणि त्यानं माणसं दगावलीत. मशरूमचं तर आपल्याकडच्या आजीलाही विचारा, पावसाळ्यात रानातली अळंबी आणतात तेव्हा ती किती वेळा उलटसुलट करून बघते. विषारी जातींमधल्या काही अशा असतात की खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही आणि मग लिव्हर जातं, तोवर तुम्ही परतीच्या गाडीत असता.

पण हे सगळं बाजूला ठेवा. समजा उद्या सायलोसायबिन कायदेशीर झालं, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, फुकट मिळायला लागलं, तरी मी तुमच्या दादांना आज ते देणार नाही, आणि त्याचं कारण म्हणजे त्या शेवटच्या दोन ओळी.

रात्री दोन-तीन तास झोप आणि एकदम तीन धंदे. मला इथं लगेच बायपोलरची शंका येते, म्हणजे कधी अति उत्साहाचा चढ आणि कधी डिप्रेशनचा उतार असा आजार. शंका म्हणतोय, निदान नव्हे, लिहिलेलं वाचून कुणीही निदान करू नये आणि मीही करत नाहीये. पण डिप्रेशन म्हणून येणाऱ्या आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्या पेशंटमध्ये मी हे पहिल्यांदा तपासतो, आणि पेशंटला विचारून ते बहुतेक वेळा कळतच नाही. कारण त्याच्या मते तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात भारी काळ होता! गावातही लोक कौतुकच करतात, माणूस नाद खुळा आहे, दोन तास झोपतो आणि दिवसभर पळतो. म्हणून मी बायकोला नाहीतर आईला बोलावतो आणि एकच गोष्ट खोदून विचारतो: झोप कमी झाली होती तेव्हा दुसऱ्या दिवशी थकवा होता का? टेन्शननं झोप उडालेला माणूस दुसऱ्या दिवशी गळून पडतो. ज्याला झोपेची गरजच वाटत नाही, तीन तास झोपून सकाळी ताजातवाना, बोलणं भरभर, एक विषय संपायच्या आत दुसरा, फोनवर फोन, कर्ज, नवी गाडी, उगाच भांडणं, आणि हे चार-पाच दिवस किंवा आठवडाभर सलग, त्याची गोष्ट वेगळी. मग ते कसं संपलं तेही विचारतो. धंदे बसले म्हणून डिप्रेशन आलं, की आधी माणूस उतरला आणि मग धंदे बसले? घरचे नेहमी पहिलं सांगतात. तारखा मांडून बघितल्या की कधी कधी दुसरं निघतं.

हे का महत्त्वाचं तर सायकेडेलिकच्या, म्हणजे सायलोसायबिन, एलएसडी अशा भान बदलणाऱ्या औषधांच्या, जवळजवळ सगळ्या अभ्यासांत बायपोलर वन (ज्यात तो चढ तीव्र असतो, त्यालाच मॅनिया म्हणतात) असलेले, सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) झालेले, आणि जवळच्या नात्यात असे आजार असलेले लोक आधीच बाहेर काढलेले असतात. म्हणजे सुरक्षित आहे असं जे सांगतात ते या लोकांना वगळून सांगतात. अशा माणसाला हे औषध मॅनिया किंवा सायकोसिसकडं ढकलू शकतं ही त्यामागची भीती. बायपोलर टू मध्ये, म्हणजे ज्यात चढ सौम्य असतो, 15 पेशंटचा एक छोटा अभ्यास झालाय आणि त्यात निकाल बरा आला, मॅनियाही झाला नाही, पण तो हॉस्पिटलच्या नजरेखाली, निवडक लोकांत, आणि पंधराच जण. त्यावर तुमच्या दादांना कोडाईला न्यायचं धाडस मी करणार नाही. मामांचं म्हणाल तर रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात बरीच वर्षं म्हणजे आजार साधा नसणार, नेमका कोणता ते आईला विचारून घ्या, सांगायला घरचे लाजतात पण डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

गोळ्या पंधरा दिवस बंद करण्याचं मित्रानं कुठूनतरी अर्धवट उचललंय. एसएसआरआय, म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्या, चालू असताना सायलोसायबिनचा परिणाम कमी होतो म्हणून अभ्यासात त्या हळूहळू थांबवतात हे खरं, पण देखरेखीखाली, आणि त्या काळातच काही लोकांचं डिप्रेशन उसळतं. वर सांगितलेल्या 233 जणांच्या अभ्यासात आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करण्याचे प्रकार सगळ्या गटांत दिसले होते, आणि ते रोज फोनवर विचारपूस चालू असलेले पेशंट नसले तरी किमान कुणाच्या तरी लक्षात होते. तुमच्याकडं कोण असणार? अजून एक, दुसऱ्या कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी: लिथियम हे बायपोलरचं औषध चालू असलेल्यांनी सायकेडेलिक घेतल्यावर फिट्स आल्याच्या नोंदी आहेत. आणि अयाहुआस्का म्हणून जे पेय रिट्रीटमध्ये देतात त्यात एमएओ हे शरीरातलं सेरोटोनिन मोडणारं एन्झाइम रोखणारी द्रव्यं असतात, ती एसएसआरआय गोळ्यांबरोबर जीवघेणी ठरू शकतात. मायक्रोडोसिंगचं, म्हणजे नशा होणार नाही इतका अगदी थोडा डोस घेण्याचं, पण विचारतात लोक, तर 2021 मध्ये इम्पीरियलनं 191 लोकांचा अभ्यास केला, खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांनाही तेवढंच बरं वाटलं, विषय संपला.

मग करायचं काय. पहिलं म्हणजे 'गोळ्यांचा उपयोग नाही' हे अजून सिद्धच झालेलं नाही. आम्ही उपचारांना दाद न देणारं डिप्रेशन तेव्हा म्हणतो जेव्हा दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसा काळ, म्हणजे सहा-आठ आठवडे, नियमित घेऊनही फरक पडत नाही. एस्सिटालोप्राम 20 पर्यंत जाते, सर्ट्रालिन 200 पर्यंत, आणि तुमचे दादा 50 वर आहेत तेही कधी घेतात कधी नाही. पहिल्या गोळीनं पूर्ण बरे होणारे साधारण तीनातले एकच असतात हे अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात 2006 मध्येच दिसलं, म्हणजे पहिली लागू पडली नाही यात जगावेगळं काही नाही. पण थांबा, लगेच डोस वाढवायलाही सांगू नका, कारण बायपोलर निघालं तर रस्ताच वेगळा, तिथं नुसती डिप्रेशनची गोळी वाढवणं उलटूही शकतं आणि मग लिथियम, क्वेटियापिन, लॅमोट्रिजिन यांचा विचार होतो. लिथियम हे साठ-सत्तर वर्षं वापरातलं, स्वस्त औषध आहे, त्यावर पॉडकास्ट निघत नाहीत एवढंच. रक्त तपासत राहावं लागतं, पण आत्महत्या कमी होण्याबाबत त्याच्या बाजूचा पुरावा कितीतरी वर्षं जमा झालेला आहे.

ते सगळं करून अडलं तर पुढं ईसीटी, म्हणजे शॉक ट्रीटमेंट, आहे, रुग्णाला भूल देऊनच करतात, भुलीशिवाय करायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदीच आहे, आणि तीव्र डिप्रेशनमध्ये आजही त्याच्या तोडीचं फार काही नाही, सिनेमांनी त्याचं वाट्टोळं केलंय. आरटीएमएस आहे, त्यात चुंबकानं मेंदूच्या ठराविक भागाला चालना देतात. आणि तुम्हाला लवकर गुण येणारं, थोडं त्या जातकुळीतलं काही हवंच असेल तर केटामाइन आहे. ते खऱ्या अर्थानं सायकेडेलिक नाही, वेगळ्या रिसेप्टरवर काम करतं, पण भुलीचं औषध म्हणून आपल्याकडं कायदेशीर आहे आणि दाद न देणाऱ्या डिप्रेशनमध्ये काही सायकियाट्रिस्ट हॉस्पिटलमध्ये सलाईनमधून देतात, वजनामागे किलोला 0.5 मिलिग्रॅम, साधारण 40 मिनिटांत. फरक कधी कधी त्याच दिवशी दिसतो, टिकतो मात्र थोडे दिवस, म्हणून परत परत द्यावं लागतं. दादांच्या बाबतीत बायपोलरची शंका मिटेपर्यंत तेही थांबेल.

दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या नाहीत पण मी समोर असतो तर विचारल्या असत्या. दारू किती? रोज एक क्वार्टर म्हणजे 'थोडीशीच' नसते आणि तेवढ्यावर कुठलीच गोळी धड चालत नाही. आणि शिफ्ट कुठली? फौंड्रीत आठवड्याला शिफ्ट बदलत असेल, एक आठवडा रात्रपाळी एक आठवडा दिवसपाळी, तर बायपोलरकडं कल असलेल्या माणसाचं सगळं गणित त्यानंच बिघडतं, डॉक्टरांचं पत्र घेऊन जनरल शिफ्ट मागता येते आणि बरेच मालक देतातही.

तर या आठवड्यात एवढं करा. एका कागदावर 2017-18 पासूनचं वर्षवार लिहा, झोप, काम, कर्ज, भांडणं, गोळी कुठली किती दिवस, मामांचा आजार. जुन्या चिठ्ठ्या असतील त्या घ्या, थायरॉइड आणि बी-12 चे रिपोर्ट असतील तर तेही, नसतील तर डॉक्टर सांगतील. आधीचेच डॉक्टर चालतील, नसेल जायचं तर सीपीआरची सायकियाट्री ओपीडी आहे, फक्त दादांना एकटं पाठवू नका, 2019 बद्दल बोलायला सोबत वहिनी किंवा आई पाहिजेच. दादा मरणाचं बोलत असतील, किंवा बोलायचं एकदम बंद झाले असतील, तर ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कॅज्युअल्टीला न्यायचं, आणि घरात शेतीचं औषध, तणनाशक ठेवलेलं असेल तर ते आजच दुसरीकडं हलवा. टेली-मानसचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, फोन दादांनीच केला पाहिजे असं नाही, तुम्हीही करू शकता.

मित्राला सांगा जायचं असेल तर पन्हाळ्याला जाऊ, कोडाई कॅन्सल. आणि डॉक्टरांना दाखवून आलात की ते काय म्हणाले ते लिहा, दादांचं नाव मात्र कुठं टाकू नका.